कुंकवात उरलेली अक्षरं

कोल्हापूर माझ्या ‘बघायच्या गावां’च्या यादीत सातव्या नंबरवर होतं आणि आधीच्या सहांपैकी चार अजून बाकी होती. पण मार्चमधल्या एका मंगळवारी सुलभाकडून एक फोटो आला आणि यादी बाजूला पडली.

सुलभा माझी नाशिकची कॉलेजमैत्रीण. लग्न होऊन सव्वीस वर्षं ती कोल्हापुरात आहे. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या देव्हाऱ्यातला जोतिबाचा टाक. सासूबाई शनिवारी सोनाराकडे आटवायला देणार आहेत. तू जुनी नाणी बघतेस म्हणून सहज पाठवला.’

टाक म्हणजे देवाची आकृती उठवलेला धातूचा लहानसा पत्रा. पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात तो मूर्तीसारखा पुजतात. हा टाक सोन्याचा होता, गोल, आत्ताच्या रुपयाएवढा. समोर तोंड केलेला योद्धा, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर टेकवलेला भाला, आणि हातातल्या ढालीवर चिमुकला घोडेस्वार. घोडा आणि शस्त्र दिसल्यावर कोल्हापूरच्या माणसाला जोतिबाच आठवणार, त्यात काही चूक नाही. पण कडेनं अक्षरं होती, आणि ती देवनागरी नव्हती, मोडी नव्हती, कन्नडही नव्हती.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्ट, गॅस्केट, बेअरिंग, सगळं खणात आणि नोंदीत. जुन्या नाण्यांचा नाद बारा वर्षांपासूनचा. त्यात रोमन नाणी हातात धरायला मिळाली ती एकूण तीन, तीही तांब्याची आणि काळी पडलेली. सोन्याचं फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मी लगेच फोन लावला.

“सुलभा, ते आटवू नका. तो टाक नाही. रोमन बादशहाचं नाणं आहे.”

“अगं, त्याला भोकं आहेत ना वर! खंडित देव पुजू नये, असं गावातल्या पूजा सांगणाऱ्या काकांनी आक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलंय. मेमध्ये आमच्या निखिलचं लग्न. नातसून घरात यायच्या आत देव्हारा नीट करायचा, त्या सोन्याचा नवा टाक घडवायचा, असं आक्कांनी ठरवलंय. आणि त्यांचं ठरलं की ठरलं.”

मी चार दिवसांची रजा टाकली. पिशवीत घेतलेल्या वस्तू: भिंग, छोटा काटा, मऊ ब्रश, बादशहांची नावं आणि सालं उतरवलेली वही. फोटोत डावी बाजू उजेडानं पांढरी झाली होती, पण उजवीकडे नावाचा शेवट दिसत होता, ‘...सियस’. थिओडोसियस! मी वहीत त्याच्या नावासमोर बरोबरची खूण केली आणि आमच्या नाणेवाल्या मंडळींच्या ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. ती खूण पुढं मला खोडावी लागली.

शुक्रवार, कोल्हापूर

सुलभा स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. घरी नेण्याऐवजी तिनं मला थेट मिसळीच्या दुकानात नेलं. आम्ही नाशिककर मिसळीबद्दल बोलायला मागे नसतो. आमच्याकडे मिसळ निवांत खातात, पापड, दही, गप्पा. इथं बाकावर बसायच्या आत ताट आलं, सोबत पावाचे जाड तुकडे, आणि कट, म्हणजे तिखटजाळ रस्सा, संपायच्या आत न विचारता पुन्हा कट. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, “नाशिकच्या व्हय? तरीच! तिकडं फरसाणावर नुसतं लाल पाणी घालत्यात म्हणं.” मी भांडण्याच्या तयारीत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. ताट मात्र पुसून घेतलं.

दुपारी संग्रहालयात गेलो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खननात निघालेल्या, माझ्या नाण्याहून कितीतरी जुन्या रोमन वस्तू तिथं आहेत. समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मी तीनदा पाहिली. समुद्रापलीकडचा माल कोकणातल्या बंदरांत उतरायचा आणि घाट चढून इथवर यायचा. मग एखादं नाणं चंदगडच्या डोंगरात पोचलं तर नवल कसलं?

“पण ते आहे कुठं? बघायला मिळेल ना?” मी विचारलं.

“आक्कांकडं, गावी. चंदगडच्या पुढं आमचं घर आहे. मी म्हटलं, कुणाच्या तरी हाती पाठवा, तर म्हणाल्या, देव काय पार्सल आहे का? उद्या स्वतः घेऊन येणार, थेट गुजरीत.”

म्हणजे मला नाणं दिसणार ते सोनाराच्याच दुकानात, भट्टीपासून चार हातांवर.

शनिवार, गुजरी

गुजरी ही कोल्हापूरची सोनारांची गल्ली. साज, ठुशी, पुतळ्यांच्या माळा काचेमागे ओळीनं टांगलेल्या. सुलभाच्या घरचे सोनार दत्ताभाऊ. पुढं पांढरी गादी, मागं छोटी भट्टी. आम्हाला बसवून त्यांनी चहा सांगितला आणि माझ्या हातातलं भिंग पाहून म्हणाले, “पावणं आमच्याच धंद्यातलं दिसत्यात की!”

अकरा वाजता आक्का आल्या. पंचाहत्तरी पार केलेल्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या, आवाज पार गल्लीच्या टोकाला जाणारा. काखेत स्टीलचा डबा.

“सकाळी सहाच्या यष्टीनं आलो. गर्दी म्हंजे काय! मी उभी ऱ्हायलो निपाणीपतूर, पण देवाला जागा मिळाली. एका पोरीच्या मांडीवर ठेवला डबा.”

इथं एक सांगायला हवं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलतो’ असंच म्हणतात. पहिल्या दिवशी मी दचकले, दुसऱ्या दिवशी मला ते फार आवडायला लागलं.

डब्यात तांदूळ होते, आणि तांदळावर खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते. आक्कांनी कपाळाला लावून ते दत्ताभाऊंच्या हातात दिलं. मी पुढं सरकायच्या आत दत्ताभाऊंनी सराईतपणे तेजाबाची वाटी ओढली. मोडीतलं सोनं आलं की आधी मळ काढायचा, मग कसोटीवर घासायचं, मग मुशीत टाकून वितळवायचं, ही त्यांची रोजची रीत.

“थांबा!” मी ओरडले. शेजारच्या दुकानातली दोन डोकी बाहेर आली.

“अवो बाई, वाटी सांडली असती की हातातनं!” दत्ताभाऊ म्हणाले. “कोल्हापूरची माणसं मोठ्यानं बोलत्यात म्हणं, आन् तुम्ही नाशिकच्या!”

“सुलभे,” आक्का म्हणाल्या, “ही तुझी मैत्रीण काय करत्या म्हणालीस?”

“कारखान्यात स्टोअर बघते आक्का. आणि जुनी नाणी.”

“बघू दे की मग. देव काय पळून चाललाय?”

मी नाणं हातात घेतलं. आधी काटा काढला, तर तो बंद. यादीत ‘काटा’ होता, ‘काट्याचे सेल’ नव्हते. दत्ताभाऊंनी हसत आपल्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर वजन केलं. साडेचार ग्रॅमला किंचित कमी, म्हणजे असायला हवं तेवढंच. मग ब्रश हातात घेतला, कडेचा लाल-काळा थर साफ करायला. आणि ब्रश टेकवणार तोच हात थांबला.

चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. रोज गंध लावणारी बोटं, दर सणाला चिंच लावून घासणं, हे किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे. पण कडेच्या अक्षरांत हळद, कुंकू आणि तेल जाऊन घट्ट बसलं होतं. अक्षरांचा उठाव झिजून जेमतेम राहिला होता, पण भोवतीच्या खोलगट जागेत लाल रेघ शिल्लक होती. दाराच्या उजेडात तिरकं धरलं, तशी पिवळ्यावर लाल अक्षरं वर आली. तेजाबानं एका मिनिटात जे धुऊन टाकलं असतं, तेच मला वाचता येत होतं. मी ब्रश पिशवीत ठेवून दिला.

नाण्यावर साल नसतं. त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर ते घालतच नसत. साल काढायचं ते बादशहाच्या नावावरून आणि नावामागच्या बिरुदावरून. मजकूर डाव्या खांद्यापाशी सुरू होतो, डोक्यावरून उजव्या खांद्यावर उतरतो. मी एकेक अक्षर वाचत गेले, सुलभा वहीत लिहीत गेली.

“सुरुवातीला डी, एन.”

“म्हंजे काय?” आक्का.

“‘आमचा स्वामी’ असं लिहायची पद्धत होती.”

“मग? तेच तर मी म्हणतोय कवापासनं!”

पुढचं अक्षर ‘टी’ असायला हवं होतं, थिओडोसियसचं. मी तिरकं धरलं, सरळ धरलं, भिंग पुढं-मागं केलं. ते ‘ए’ होतं. मग ‘एन’, मग पुन्हा ‘ए’. पुढची दोन-तीन अक्षरं भोकात गेलेली, आणि मग तेच ‘सियस’. थिओडोसियसचं नाव जसं संपतं, तसंच अनास्तासियसचंही संपतं. फोटोतलं शेपूट बघून मी डोकं ठरवलं होतं. नावानंतरचं बिरुद पाहिलं, दोन अक्षरं: ‘पी, पी’. थिओडोसियसच्या काळात तिथं ‘पी, एफ’ लिहीत. दुसऱ्या अक्षराचा वरचा फुगा कुंकवानं बंद, स्पष्ट, लाल. मी वहीतली खूण खोडली आणि ग्रुपवर कबुली दिली. उत्तरादाखल हसण्याची अकरा चित्रं आली.

“अनास्तासियस,” मी जाहीर केलं. “राज्य इसवी सन चारशे एक्याण्णव ते पाचशे अठरा. म्हणजे हे नाणं दीड हजार वर्षांचं.” दक्षिणेत अशा नाण्यांच्या नकलाही पुष्कळ झाल्या, पण नक्कल करणाऱ्याला लिपी येत नसायची, तो अक्षरांसारख्या रेघा ओढायचा. इथं प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं.

दत्ताभाऊंनी ते हळूच माझ्याकडून घेतलं आणि पालथं केलं. मागं पंखवाली विजयदेवता, हातात लांब क्रूस.

“ती यमाई,” आक्का म्हणाल्या. “जोतिबाची भईण.”

“आन् ही खाली पाच अक्षरं कसली?” दत्ताभाऊंनी विचारलं.

“राजधानीच्या टांकसाळीची खूण आणि सोनं शुद्ध असल्याची ग्वाही.”

“हॉलमार्क!” ते केवढ्यानं ओरडले. “दीड हजार वर्सामागं हॉलमार्क! आन् आमच्याकडं आत्ता कुठं आलाय!” त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, त्यानं त्याच्या शेजाऱ्याला. पाच मिनिटांत दुकानात सात सोनार जमले आणि भिंग हातोहात फिरलं. मला आजवर एवढे मन लावून ऐकणारे श्रोते मिळाले नव्हते.

या गोंधळात आक्कांनी नाणं आपल्या हातात परत घेतलं.

“म्हंजे,” त्या म्हणाल्या, “ह्यो आमचा जोतिबा न्हवं.”

मी खरं तेच सांगितलं. “नाही, आक्का. राजा आहे.”

“सासूनं दिल्याला. तिला तिच्या सासूनं. मी पंचावन्न वर्सं ह्याच्या पाया पडलो. लेकरं आजारी पडली तवा ह्याला सांगितलं.” त्यांनी नाणं खणात गुंडाळलं. “देव न्हवं, वर भोकं पडल्यालं. मग तर ठेवायचं कारनच न्हाई. दत्ता, सोमवारी निखिलच्या हाती पाठवून देतो. आटीव आन् खरा जोतिबा कर. आज माझ्यानं बघवायचं न्हाई.”

डबा काखेत मारून त्या दुपारच्या एसटीला गेल्या. मी नाणं वाचवायला आले होते आणि त्यावरचं नाव सांगून त्याला मुशीच्या आणखी जवळ ढकललं होतं. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

“आक्का ऐकायच्या न्हाईत,” दत्ताभाऊ म्हणाले. “पण बाई, तुम्ही ती भोकं बघितलासा का?”

मी अक्षरांत एवढी बुडाले होते की भोकांकडे मी फक्त ‘खाल्लेली अक्षरं’ म्हणून पाहिलं होतं. मी नाण्याचा जवळून काढलेला फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला. “हे खिळ्यानं पाडल्यालं न्हाई. सोनाराचं काम हाय. दोन्ही भोकं सारखी, डोक्याच्या दोन्ही अंगाला, मोजून. आन् वरच्या कडा बघा, आतनं गुळगुळीत. दोरा घासून घासून झिजल्यात. एक भोक पाडलं तर राजा गळ्यात गिरकी घेतो, तोंड वाकडं होतं. दोन पाडली की सरळ बसतो. कुणीतरी लई वर्सं गळ्यात घाटलंय हे.”

मी वही काढली आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

रविवार, चंदगड

सुलभा आणि मी सकाळीच निघालो. चंदगडचा रस्ता शेवटच्या टप्प्यात डोंगरात शिरतो आणि नाक आधी ओळखतं की काजूचा हंगाम आहे. पिकलेल्या बोंडांचा आंबूस-गोड वास झाडाखालून येतो. आमच्याकडे द्राक्षांच्या बागा तारेवर ओळीत शिस्तीत उभ्या असतात. इथली काजूची झाडं वाटेल तशी, उतारावर पसरलेली. माझ्यासारखीला ते जरा खटकलं, पण चांगलंच वाटलं.

आक्कांच्या घरासमोरच्या पडवीत त्यांचे मालक बसले होते. सगळे त्यांना अज्जा म्हणतात. हाताला तेल चोपडून ते ओले काजू सोलत होते, कारण सालीचा चीक हात भाजतो. मी मदत करायला गेले आणि तेल लावायचं विसरले. दोन बोटांची कातडी आठवडाभर निघत होती.

“पुस्तकात न्हाई व्हय लिवल्यालं?” अज्जांनी विचारलं.

जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, आमसुलाचं सार. आक्का वाढत होत्या, आग्रह करत होत्या, पण आवाज कालच्या निम्मा होता. “घ्या की अजून. लाजताय काय?” एवढंच. तीन भाकऱ्या झाल्यावर मी विषय काढला.

“आक्का, भोकांचं सांगायला आले.”

“काय सांगायचं त्याचं? खंडित ते खंडित.”

मी वही उघडून दत्ताभाऊंचं बोलणं वाचून दाखवलं. मग फोटो मोठा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, स्वतःच बोटांनी आणखी मोठा केला.

“दोरा घासल्याला?”

“हो. दक्षिणेत सापडलेली पुष्कळशी अशी नाणी याच पद्धतीनं भोकं पाडलेली आहेत. बायका घालायच्या. ते फुटलेलं नाही, आक्का. गळ्यात घालण्यासाठीच भोकं पाडलीत.”

आक्का उठून देव्हाऱ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा तळहातावर नाणं होतं. भोकावरून अंगठ्याचं नख त्या फिरवत राहिल्या.

“म्हंजे आधी बाईचा दागिना. मग कुणीतरी देव्हाऱ्यात ठेवला.”

“असंच झालं असणार.”

“आन् मी पाया पडलो ते?”

मी वही मिटली. सुलभा काहीतरी बोलणार होती, पण पडवीतून अज्जाच म्हणाले, “जोतिबा म्हणून पडलीस न्हवं? मग त्याला पोचलं. डोंगरावर बसून त्यो काय बघत न्हवता व्हय, खाली चंदगडात कोन कुणाच्या पाया पडतंय ते?”

आक्कांनी नाणं मुठीत घेतलं. मग म्हणाल्या, “सुलभे, दत्ताला फोन लाव.”

फोन लागला. आक्कांना फोनची गरज नव्हती, आवाज तसाही गुजरीपर्यंत गेला असता. “दत्ता! भट्टी इझव. ह्ये आटवायचं न्हाई. माझ्या मोडक्या कुड्या हायत, त्येचा जोतिबा कर, घोड्यावरचा, नीट. आन् ह्याला एक बारीक गोफ कर. व्हय, राजाला. धुऊ नगंस पर! कुंकू तसंच ऱ्हाऊ दे, त्येच्यात त्याचं नाव हाय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नातसुनंला घालणार. मेमध्ये. तवर काय? तवर काय म्हंजे? तवर मी हाय की!”

त्यांनी फोन सुलभाच्या हातात दिला, फडताळातून काळा रेशमी दोरा काढला आणि दोन्ही भोकांतून ओवला. पहिल्या झटक्यात ओवला गेला. मी मागं गाठ मारून दिली. नऊवारीच्या पदरावर अनास्तासियस बादशहा सरळ, समोर तोंड करून बसला, जरासुद्धा गिरकी न घेता. आक्कांनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, आणि पडवीत जाऊन अज्जांसमोर उभ्या राहिल्या.

“कसं दिसतंय?”

अज्जांनी काजू खाली ठेवला, डोळे बारीक करून नीट पाहिलं. “राजा बरा दिसतोय.”

“आन् मी?”

“तू काय, तू रोजच दिसतीस.”

“बघितलासा?” आक्का आमच्याकडे वळून गरजल्या. “पंचावन्न वर्सं झाली लग्नाला!” पण हसू त्यांना आवरत नव्हतं. शेजारणीला दाखवायला त्या तशाच फाटक उघडून बाहेर पडल्या, आणि गल्लीच्या टोकापासून त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, “दीड हजार वर्सांचं हाय! व्हय, वाचून घेतलंय!”